मेक्सिकन करा, पण सगळ्यांनी मिळून

"डॉक्टर, पोरं मेक्सिकन करा म्हणून मागे लागलीत. मोबाइलवर काहीतरी बघतात आणि तेच हवं म्हणून बसतात. पोटाला चालतं का हो ते?" हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात इतक्या जणी विचारू लागल्या आहेत की एकदा त्याचे उत्तर या स्तंभातून देऊन टाकावे असे ठरवले. विचारणाऱ्या बहुतेक मोठ्या कुटुंबातल्या. सासू-सासरे, दोघी जावा, दोघींची मुले, शिकायला येऊन राहिलेला एखादा भाचा. रोजची दहा-बारा पाने. अशा घरातली बाई हा प्रश्न विचारते तेव्हा त्याच्या आड आणखी एक प्रश्न असतो. तो ती तोंडाने विचारत नाही, पण चेहऱ्यावर वाचता येतो. सासऱ्यांना पथ्याचे, मुलांना मेक्सिकन आणि बाकीच्यांना भाजी-भाकरी, म्हणजे आता संध्याकाळी तीन स्वयंपाक करायचे का?

पोटाला चालते का, याचे उत्तर थोडक्यात देता येते. मेक्सिकोतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या घरी जे खात आली ते फार चांगले चालते. आणि तीन स्वयंपाकांचे म्हणाल तर माझे मत उलटे आहे. हे जेवण नीट केले तर तीन स्वयंपाक एकावर येतात आणि रांधणाऱ्या बाईला सगळ्यांबरोबर बसून जेवता येते. मला या विषयात रस आहे तो या दुसऱ्या कारणासाठी.

आधी एक गैरसमज दूर करू. तिकोनी, खारट, तळलेल्या तुकड्यांचे पाकीट, त्यावर पिवळे पातळ चीज, मैद्याच्या पोळीत गुंडाळलेले मेयोनेज आणि सोबत थंड पेयाची बाटली, याला आपल्याकडे मेक्सिकन म्हणतात. मेक्सिकोतल्या एखाद्या आजीबाईंना हे दाखवले तर त्या हे काय म्हणून विचारतील. नाचोज हा पदार्थच मुळी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेच्या सीमेलगतच्या पिएद्रास नेग्रास या गावातल्या एका उपाहारगृहात, पलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांसाठी घाईने जुळवलेला. करणाऱ्याचे नाव इग्नासियो. नाचो हे त्या नावाचे लाडके रूप. चवीला बरा आहे, कधीतरी खाल्ला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण त्यावरून मेक्सिकोच्या जेवणाची परीक्षा करणे म्हणजे बटाटेवड्यावरून महाराष्ट्राच्या जेवणाची परीक्षा करण्यासारखे आहे.

घरगुती जेवण कसे असते? मक्याची हातापेक्षा थोडी मोठी, पातळ भाकरी. तिला टॉर्टिया म्हणतात. ती ज्यावर भाजतात तो कोमाल म्हणजे आपला तवा; जुन्या घरांत मातीचा, आपल्या खापरासारखा. सोबत मोठ्या मडक्यात शिजवलेला घेवडा, काळा किंवा ठिपक्यांचा, कांदा आणि मीठ घातलेला. तो तसाच रसासकट वाढतात किंवा घोटून परततात. तव्यावर टोमॅटो, मिरच्या आणि लसूण काळे डाग पडेपर्यंत भाजून दगडी खलात कुटलेली चटणी. शिवाय कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू यांची कोशिंबीर. हो, कोशिंबीरच, तिकडे तिला वेगळे नाव आहे एवढेच. भोपळा, पालेभाज्या, निवडुंगाची काटे काढलेली पाने, कधी अंडे, कधी मांसाचा थोडा तुकडा. भाकरीत यातले हवे ते घालून दुमडली की झाला टाको. मेक्सिकोच्या या परंपरेला २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

वाचकहो, वरची यादी पुन्हा वाचा. यातले जवळपास सगळे आपल्या घरात आहे, आणि ते आपल्याकडे आले तेच मुळी तिकडून. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपला तिखटपणा मिऱ्यांवर भागत होता. टोमॅटो हे नाव मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या भाषेतले. मका तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९००० वर्षांपूर्वी माणसाळला. राजगिऱ्याचा उगमही तिकडचाच. तो फुलवून गुळाच्या पाकात वड्या थापायची पद्धत दोन्हीकडे सारखी आहे. आपल्या एकादशीचे ताट पाहिले तर राजगिरा, शेंगदाणा, बटाटा, रताळे अशी निम्म्याहून अधिक मंडळी अमेरिका खंडातली निघतील. आणि घेवडा! साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तो आणि मेक्सिकोच्या मडक्यातला घेवडा आणि पंजाबी राजमा ही एकाच वनस्पतीची भावंडे आहेत. तेव्हा परदेशी सामान आणावे लागेल ही भीती सोडा. वाण्याकडे मिळते त्यात हे जेवण होते.

आता मक्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण यात वैद्यकशास्त्राचा एक मोठा धडा आहे. मेक्सिकोच्या बायका मका नुसता दळत नाहीत. कोरडे दाणे चुन्याच्या पाण्यात, काही ठिकाणी राखेच्या पाण्यात, मंद शिजवून रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी चोळून धुतले की साले सुटतात. मग ते ओले दाणे वाटून त्याची भाकरी करतात. ही रीत हजारो वर्षांची आहे. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण ही रीत नेली नाही. ती बायकांची स्वयंपाकघरातली कटकट आहे असे त्यांना वाटले असावे. परिणाम काय झाला? उत्तर स्पेन आणि उत्तर इटलीतल्या गरिबांनी मक्यावर पोट भरायला सुरुवात केली आणि अठराव्या शतकात एक नवा रोग दिसू लागला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल-काळे चट्टे, जुलाब आणि शेवटी वेड. १७३५ साली स्पेनमधल्या गास्पार कासाल या वैद्याने त्याचे वर्णन केले. इटलीत त्याला पेलाग्रा नाव पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने थैमान घातले. लोकांना वाटे हा संसर्गजन्य आहे. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून त्याचा पाठपुरावा केला आणि हा रोग जंतूंचा नसून निकृष्ट आहाराचा आहे हे दाखवून दिले. शेवटी १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम यांच्या कामातून नियासिन हे जीवनसत्त्व त्यामागे असल्याचे स्पष्ट झाले. मक्यात नियासिन असते, पण बांधलेल्या अवस्थेत. आपल्या आतड्याला ते मिळत नाही. चुन्याच्या पाण्याने ते मोकळे होते. वर कॅल्शियमही मिळते. ज्यांच्याकडे ना प्रयोगशाळा ना पदवी, त्या बायकांनी हे साधले होते.

आपल्याला याचे काय, असे वाटेल. पण हा रोग आपल्या दख्खनच्या पठारावरही होता. केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो आढळे. हैदराबादच्या आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६०च्या सुमारास त्याचा अभ्यास केला आणि ज्वारीतल्या ल्यूसीन या घटकाकडे बोट दाखवले. त्यावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले, ते इथे नकोत. रोग्याचा खरा प्रश्न असा होता की ताटात भाकरीशिवाय दुसरे काहीच नव्हते. मक्यात आणि ज्वारीत लायसीन हे आवश्यक द्रव्य कमी. घेवड्यात, डाळीत ते भरपूर. घेवड्यात जे कमी ते धान्यात आहे. दोन्ही एका ताटात आले की प्रथिनांची जोडी जमते. मेक्सिकोचा शेतकरी मका, घेवडा आणि भोपळा एकाच वावरात लावतो. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, खाली भोपळ्याची पाने जमीन झाकतात. आपला शेतकरी ज्वारीत तुरीच्या ओळी घेतो, त्यामागचा हिशेबही फार वेगळा नाही.

हे सारे असताना आज मेक्सिकोची प्रकृती कशी आहे? वाईट आहे. २०१८च्या त्यांच्या राष्ट्रीय पाहणीत दर चार प्रौढांपैकी सुमारे तिघांचे वजन प्रमाणाबाहेर निघाले. २०१६ साली तिथल्या आरोग्य खात्याने स्थूलता आणि मधुमेह यांसाठी आणीबाणी जाहीर केली; एरवी अशी घोषणा साथीच्या रोगासाठी होते. बाटलीतली गोड पेये, पाकिटातले खाणे आणि बसून करायची कामे यांनी मडक्यातल्या घेवड्याला घरातून हुसकावले. सरकारने २०१४ पासून गोड पेयांवर कर लावला, सुरुवातीला लिटरमागे एक पेसो. २०२०मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले आणि २०२५च्या मार्चपासून शाळांमधून असले पदार्थ हद्दपार केले. आपल्याकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. म्हणजे आपली मुले मेक्सिकन म्हणून जे मागतात ते मेक्सिकोला आजारी पाडणारे खाणे आहे, आणि मेक्सिकोला ज्याने जगवले ते त्यांच्या आजीच्या स्वयंपाकघरात राहिले आहे. मुलांना नाही म्हणू नका. त्यांना ते दुसरे द्या.

वेळेचेही पाहा. मेक्सिकोत परंपरेने मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असते. रात्रीचे खाणे हलके. दुपारचा घेवडा, दोन-तीन टॉर्टिया, एखादे गरम पेय. आपल्या घरांत मालिका संपल्यावर दहा वाजता भरपेट जेवून साडेदहाला आडवे होण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यामुळे आम्हा डॉक्टरांकडची आम्लपित्ताची गर्दी निम्मी तरी होत असेल. हे माझे दवाखान्यातले निरीक्षण आहे, कुठली पाहणी नव्हे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मोठ्या घरात रात्री काय होते हे मी गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकतो आहे. घरातली सून सहा वाजता ओट्याशी उभी राहते. आधी मुले जेवतात, मग पुरुष, मग सासूबाई. प्रत्येकाला पोळी तव्यावरून थेट ताटात हवी. आपल्याकडे याला प्रेम म्हणतात. ती स्वतः बसते तेव्हा दहा वाजून गेलेले असतात. आमटीतली डाळ संपून वरचे पाणी उरलेले असते, भाजीच्या कढईला जे लागले असेल ते, कोशिंबिरीचे भांडे रिकामे. दोन पोळ्या पाण्यासारख्या आमटीत बुडवून ती जेवण उरकते. मग तिशी-पस्तिशीची ती बाई माझ्याकडे येते. चालताना धाप लागते, पायात गोळे येतात, केस गळतात. पापणी ओढून पाहिली तर आत पांढरी. हिमोग्लोबिन सात, साडेसात. मी लोहाच्या गोळ्या देतो, त्या ती तीन आठवडे घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्या सगळ्या काही उपाशी घरातल्या नाहीत. कित्येकींच्या घरी डब्यात डाळ असते, फडताळात गूळ-शेंगदाणे असतात. जास्त पाळीसारखी कारणेही असतात आणि ती तपासावीच लागतात. पण पुष्कळदा दोष धान्याच्या डब्यात नसून पंगतीच्या क्रमात असतो.

मेक्सिकोच्या बायकांनाही हे चुकले नव्हते. तिथला पाटा म्हणजे मेताते. त्यावर गुडघे टेकून मका वाटण्यात त्यांचे दिवसाचे कित्येक तास जात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगाव ओला मका वाटणाऱ्या गिरण्या आल्या तेव्हा त्यांची पाठ मोकळी झाली. आपल्या आज्यांचे जाते पिठाच्या गिरणीने सोडवले, तशीच ही गोष्ट. मात्र त्यांच्या जेवणाच्या मांडणीत एक सोय आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. टॉर्टिया आधी भाजून ठेवतात, जाड कापडात गुंडाळून टोपलीत झाकतात. वाफेने त्या मऊ आणि उबदार राहतात. बाकीचे सगळे भांड्यांतून मधोमध मांडतात. प्रत्येकजण आपली भाकरी उचलतो, हवे ते भरतो, दुमडतो, खातो. भाजणारीही त्याच वेळी बसलेली असते.

आणि यातच तीन स्वयंपाकांचा प्रश्न सुटतो. आजोबांना मधुमेह आहे? त्यांनी दोन छोट्या भाकऱ्या घ्याव्या, घेवडा वाटीभर, कोशिंबीर भरपूर. मक्याने साखर वाढत नाही असा कोणी समज करून घेऊ नये, वाढते. पण सोबत घेवडा आणि कच्च्या भाज्या असल्या की ती हळू चढते. आजींना कवळी आहे? त्यांच्यासाठी घेवडा घोटलेलाच आहे. धाकट्याला तिखट लागते? त्याने चटणीला हात लावू नये. कॉलेजातल्या मुलाला भूक जास्त आहे? त्याने चार घ्याव्या, वर एक उकडलेले अंडे. पथ्य प्रत्येकाच्या हातात आले, वेगळे पातेले कशाला?

एका घरी हे सुचवले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, एका भांड्यात दहा जणांचे हात, म्हणजे सगळं उष्टं नाही का व्हायचं?" शंका रास्त आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने तर अगदी रास्त. प्रत्येक भांड्यात स्वतंत्र पळी ठेवा आणि वाढून घ्यायचे ते कोरड्या डाव्या हाताने. आपल्या पंगतीचा नियम इथेही चालतो. जेवायच्या आधी साबणाने हात धुवायचे, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. त्याच बैठकीत त्यांच्या मोठ्या चिरंजिवांनी "मला भाकरी थापता येत नाही" असे सांगून पाहिले. त्यांना कांदा चिरता येतो असे निघाले.

मेक्सिकोत तामाल नावाचा पदार्थ करतात. मक्याचे पीठ कणसाच्या सालीत किंवा केळीच्या पानात गुंडाळून वाफवायचे. कोकणातल्या पानग्या आणि पातोळ्या ज्यांनी केल्या आहेत त्यांना तो लगेच कळेल. ६ जानेवारीला तिथे गोल गोड पाव कापतात, त्यात एक छोटी बाहुली दडवलेली असते. ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल खाऊ घालायचे. शंभर तामाल एकटीने होत नाहीत. म्हणून आत्या, मावशा, काका, मुले सगळी जमतात. कोणी साली भिजवतो, कोणी पीठ पसरतो, कोणी सारण भरतो, कोणी गुंडाळतो. आपल्याकडे दिवाळीच्या करंज्यांना असे व्हायचे. हल्ली करंज्या विकत येतात. मला वाटते, मोठ्या घराने आठवड्यातून एक संध्याकाळ अशी ठेवावी, शनिवारची म्हणा. मुलांना जे मेक्सिकन हवे आहे ते मुलांनीच करू लागावे. आठ-दहा वर्षांचे मूल घेवडा निवडू शकते, कोथिंबीर खुडू शकते, लिंबे पिळू शकते. जे स्वतः निवडले ते मूल खाते, हे कुठल्याही आईला विचारा.

आता काही सूचना. तांबडा राजमा किंवा घेवडा कच्चा वा अर्धवट शिजलेला कधीही खाऊ नये. त्यात एक विषारी प्रथिन असते. त्याने दोन-तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. मंद कोमट आचेवर तासन्‌तास ठेवलेला राजमा तर कच्च्याहून वाईट ठरू शकतो. रात्रभर भिजवा, ते पाणी ओता, नव्या पाण्यात कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या काढा आणि मग दहा-पंधरा मिनिटे बारीक गॅसवर ठेवा. दाणा बोटांनी सहज चिरडला पाहिजे. पोटात वायू धरतो अशी तक्रार असेल तर सुरुवातीला अर्धी वाटीच खावी. मेक्सिकोत त्यासाठी एक उग्र वासाचा पाला घालतात. आपला हिंग आणि ओवा पुरेसा आहे. मूत्रपिंडाच्या विकाराचे ज्यांना पथ्य आहे त्यांनी मात्र घेवड्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मक्याचे दाणे बुरशी आलेले, काळवंडलेले असतील तर दळायला देऊ नका, धुऊनही नको. आठवड्यातून एकदाच्या जेवणासाठी चुन्याचा खटाटोप करायची गरज नाही. आपण दिवसभरात डाळी, शेंगदाणे, दूध खातो, नियासिन त्यातून मिळते. नुसत्या पिठाची भाकरी चिरते म्हणून उकळत्या पाण्यात उकड काढावी, ज्वारीची काढतो तशी, आणि लहान लहान थापाव्या. मक्याचे पीठ नसेल तर ज्वारीच्या छोट्या भाकऱ्या करा. माझी काही हरकत नाही, मेक्सिकोवाल्यांचीही नसावी. मैद्याच्या तयार पोळ्या मात्र नकोत. आणि घरात पानाचा चुना असेल तर तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. चुन्याची पुडी दाबताना फुटून डोळ्यात गेल्याने मुलांचे डोळे कायमचे गेलेले आहेत. तसे झालेच तर डोळा चोळू न देता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान वीस मिनिटे धुवा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

बारा माणसांचा अंदाज देतो. शुक्रवारी रात्री ६०० ग्रॅम घेवडा भिजत घाला. मक्याचे एक किलो पीठ. त्याच्या छत्तीसेक छोट्या भाकऱ्या होतात. टोमॅटो एक किलो, त्यातले निम्मे भाजून चटणीला, निम्मे कोशिंबिरीला. कांदे अर्धा किलो, लाल भोपळा एक किलो, कोथिंबिरीची एक जुडी, सात-आठ लिंबे, मिरच्या घरच्या सवयीप्रमाणे. तेल सगळे मिळून पोह्याचे पाच चमचे, त्याहून जास्त लागत नाही. घेवडा लोखंडी कढईत परतलात तर थोडे लोहही उतरेल, आणि त्यावर लिंबू पिळायला विसरू नका, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे घेवड्यातले लोह शरीराला नीट घेता येते. त्यासाठीच जेवणावर लगेच चहा नको, तासाभराने घ्या. गोडाला राजगिऱ्याची वडी. भाकऱ्या सात वाजेपर्यंत भाजून दुपट्यात गुंडाळा, गॅस बंद करा, आणि भाजणारीचे पान सगळ्यांबरोबर मांडा. नंतर एखादी भाकरी गार लागली म्हणून कोणी तक्रार केली तर तवा कुठे असतो ते त्याला दाखवावे.